गाडी गेली, वाट उरली

जुलै उजाडला की कॉलेजच्या एका तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो प्लॅन पडतोच. ‘दूधसागर करायचा का? रात्रीची गाडी पकडू, पहाटे उतरू, रुळांवरून चालत जाऊ.’ खाली धडाधड अंगठे. मग कुणीतरी जुना रील शोधून टाकतं. ओले रूळ, दोन्ही बाजूंना धुकं, समोर काळाकुट्ट बोगदा. झालं, प्लॅन पक्का!

पण जुलै २०२३ मध्ये काय झालं होतं, आठवतंय ना? पावसाळ्यातल्या एका रविवारी दूधसागरला ट्रेकर्सची तोबा गर्दी लोटली, रेल्वे पोलिसांनी त्यांना अडवलं आणि काही जणांना चक्क रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर फिरून गेला असेल. दक्षिण पश्चिम रेल्वेने तेव्हाच सांगून टाकलं, रुळांवरून चालणं हा गुन्हा आहे. रेल्वे कायद्याचं कलम १४७. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

उठाबशांवर मीम्स झाले, हसून झालं. पण त्या घाटातून गाड्या अजूनही धावतात, हे आपण रील बघताना विसरतो. कॅसलरॉक ते कुळे हा उतार ३७ फुटांना एक फूट एवढा तीव्र आहे. भरलेली मालगाडी त्या उतारावर असताना ड्रायव्हरने तुम्हाला पाहिलं, तरी ती तिथल्या तिथे थांबणार नाही. बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते. आणि पावसाळ्यात धबधब्याच्या आवाजात मागून काय येतंय ते ऐकूच येत नाही. त्यामुळे नियम कटकटीचा वाटला तरी बरोबर आहे, यावर माझ्याकडून वाद नाही.

तरीही ती ओढ मला कळते. रुळांवरून डोंगरात जायची मजा वेगळीच असते. रस्ता डोंगराला वळसे घालत जातो, पायवाट सरळ अंगावर येते. रूळ मात्र जंगलाच्या पोटातून, बोगद्याबोगद्यांतून, दरीवरच्या पुलांवरून जातात. गाडीत बसून खिडकीतून जे सेकंदभर दिसतं ते थांबून बघावंसं वाटतं. ही इच्छा काही बेकायदा नाही. प्रश्न एवढाच की त्या रुळांवरून गाडी जात नसेल तर?

जगात अशा बऱ्याच जागा आहेत. रेल्वे बंद पडली, रूळ काढले किंवा बुजवले आणि तिथं चालायची वाट केली. अमेरिकेत, युरोपात तर ढिगाने. पण मला तुम्हाला न्यायचंय जपानमध्ये, कारण तिथल्या एका घाटाची गोष्ट आपल्या बोरघाटाशी इतकी जुळते की वाचताना कर्जत स्टेशन डोळ्यांसमोर येतं.

कर्जतचा वडा, योकोकावाचं मडकं

मुंबईहून पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबते आणि मागे बँकर इंजिनं लागतात, हे ठाऊक आहेच. समोरचं इंजिन एकटं घाट चढवू शकत नाही, म्हणून मागून ढकलणारी. ती जोडेपर्यंत चार-पाच मिनिटं मिळतात आणि त्या चार-पाच मिनिटांवर दिवाडकरांचा बटाटेवडा मोठा झाला. गाडीला घाट चढायला जोर लागत होता म्हणून आपल्याला वडा मिळाला, असं म्हटलं तरी चालेल.

आता टोकियोपासून वायव्येला, गुन्मा प्रांतात योकोकावा नावाचं छोटं स्टेशन आहे. त्याच्या पुढे उसुई घाट आणि घाटाच्या डोक्यावर कारुइझावा हे थंड हवेचं गाव. आपल्या भाषेत खालचं कर्जत, वरचं लोणावळा. योकोकावालाही प्रत्येक गाडी थांबायची, कारण तिथं ढकलणारी इंजिनं लागायची. आणि त्या थांब्यावर ‘ओगिनोया’ नावाची मंडळी जेवणाचे डबे विकायची. १९५८ मध्ये त्यांनी मातीच्या छोट्या मडक्यात गरम भात द्यायला सुरुवात केली. भातावर कोंबडी, मशरूम, बांबूचा कोंब, लाव्याचं अंडं, वर एक जर्दाळू. (व्हेज मंडळींनो, सॉरी.) त्याचं नाव ‘तोगे नो कामामेशी’, म्हणजे घाटातला मडकंभात. तोवर स्टेशनवरचा डबा म्हणजे थंडच, असा रिवाज होता. हा गरम. लोक खाऊन मडकं घरी नेत, अजूनही नेतात. गाडी हलली की विक्रेते फलाटावर ओळीने उभे राहून जाणाऱ्या गाडीला कमरेत वाकून नमस्कार करायचे.

आज योकोकावाला गेलात तर मडकंभात मिळतो. गाडी मात्र पुढे जात नाही. रूळ तिथंच संपतात.

तेवढीच उंची, निम्म्या अंतरात

का संपतात, हे कळायला थोडं गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे.

बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण १८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर चढ. तो चढायला इंजिनिअरांनी जवळपास २५ किलोमीटरचा वळणावळणाचा मार्ग घेतला. योकोकावा ते कारुइझावा उंचीचा फरक ५५२ मीटर. म्हणजे जवळजवळ तोच. पण अंतर फक्त ११.२ किलोमीटर! डोंगराने लांब वळसा घ्यायला जागाच दिली नाही. त्यामुळे चढ निघाला १५ मीटरला एक मीटर. आपल्याकडचा ३७ ला एक.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर मुळातच घसरडं. ३७ ला एक या चढावर ते रडतखडत तग धरतं, १५ ला एकवर जागच्या जागी फिरत राहतं. मग उपाय काय? दाते. दोन रुळांच्या मधोमध दातेरी लोखंडी पट्ट्या टाकायच्या, इंजिनाच्या पोटाखाली दातेरी चाक बसवायचं आणि जिन्याची पायरी पकडत चढावं तसं चढायचं. रोमान आब्त या स्विस इंजिनिअरची ही पद्धत. त्याने पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि दाते एकमेकांपासून थोडे सरकवले, म्हणजे एक दात सुटताना दुसऱ्याने पकड घेतलेली असते. आपल्याकडे उटीची निळी गाडी याच पद्धतीने चढते. हो, तीच, ‘छैंया छैंया’वाली.

उसुईचं काम १८९१ मध्ये सुरू झालं आणि १८९३ च्या १ एप्रिलला गाडी धावू लागली. सव्वाअकरा किलोमीटरमध्ये २६ बोगदे आणि १८ पूल. दोनेक वर्षांत! पुलांच्या आखणीत चार्ल्स पॉनल हा इंग्रज इंजिनिअर होता. दगडापेक्षा विटा झटपट मिळत आणि लावता येत, म्हणून लाखो विटा.

पण वाफेच्या इंजिनाचा वेग या चढावर ताशी दहा किलोमीटरच्या आतच. तुमच्यातला कुणी सकाळी ग्राउंडवर पळतो ना, तेवढा. सव्वाअकरा किलोमीटरला सव्वा तास. आणि त्यात २६ बोगदे. विचार करा, कोळशाचा धूर ओकणारं इंजिन चालण्याच्या नाहीतर पळण्याच्या गतीने बोगद्यातून चाललंय. धूर वर चढणारा, गाडीही वर चढणारी. धूर गाडीच्या सोबतच राहायचा. ड्रायव्हर, फायरमन गुदमरून बेशुद्ध पडायचे. प्रवाशांचेही हाल. मग रेल्वेने एक अजब नोकरी काढली. बोगद्याच्या खालच्या तोंडाशी माणूस ठेवायचा. गाडी आत शिरली की त्याने मोठा पडदा ओढून तोंड बंद करायचं, म्हणजे मागून हवा खेचली जाणार नाही आणि धूर गाडीमागे धावणार नाही. ही माणसं तिथंच, जंगलात, बोगद्याशेजारी राहायची. दिवसभर काम काय? तर पडदा ओढा, पडदा सोडा.

याच धुराला कंटाळून १९१२ मध्ये इथं वीज आली. जपानच्या मुख्य रेल्वेमार्गांमधला विजेवर गेलेला हा पहिला मार्ग. म्हणजे मुख्य मार्गावरची वीज सर्वांत आधी या आडरानातल्या घाटात पोचली.

१९६३ मध्ये शेजारून नवा मार्ग निघाला, दाते गेले. त्याऐवजी ईएफ-६३ नावाची खास जड इंजिनं आली, जोडीने लागणारी, गाडीच्या खालच्या बाजूला. चढताना ती ढकलायची, उतरताना धरून ठेवायची. जपानी रेल्वेवेड्यांनी त्यांना नाव दिलं ‘घाटाचे शेर्पा’. आपण कर्जतच्या बँकरना असं काही नाव का नाही दिलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग १ ऑक्टोबर १९९७ ला टोकियो-नागानो शिनकानसेन सुरू झाली. बुलेट ट्रेन घाटाला बगल देऊन नव्या बोगद्यांतून वर गेली. आदल्या दिवशी, ३० सप्टेंबरला, शेर्पांनी शेवटची गाडी चढवली. लांबचा प्रवासी बुलेट ट्रेनमध्ये बसला, आणि त्या अकरा किलोमीटरच्या लोकल प्रवाशांच्या वाट्याला बस आली. म्हणजे ‘रेल्वे बंद होऊन छान ट्रेल झाला’ या वाक्यात कुणाची तरी रोजची गाडी गेलेली असते. फोटो टाकताना हे लक्षात राहिलं तर बरं.

आता चाला

वाटेचं नाव ‘आप्तो नो मिची’. आप्तो म्हणजे आब्त, मिची म्हणजे वाट. पुण्यात जपानी शिकणाऱ्या, एन-फोर, एन-थ्रीच्या परीक्षांना बसणाऱ्या तमाम मंडळींना मिची सांगायला नको. वाट २००१ मध्ये खुली झाली, २०१२ मध्ये पुढे वाढवली. एकूण साधारण सहा किलोमीटर, दहा बोगदे. तिकीट नाही, फॉर्म नाही.

योकोकावा स्टेशनच्या बाहेर पडलात की आधी खाली बघा. गटारावरच्या जाळ्या जरा वेगळ्या दिसतील. करवतीसारख्या. जुन्या दातेरी पट्ट्याच तिथं जाळी म्हणून बसवल्यात. सगळे त्यावरून पाय टाकून पुढे जातात. भंगारात विकण्यापेक्षा हे किती भारी.

सुरुवातीला १९६३ च्या मार्गावरून चालायचं. दोन मार्गिकांपैकी एकीवर चालण्यासाठी पृष्ठभाग केलाय. मधे मधे रूळ जमिनीत तसेच दिसतात, पायाखाली. शेजारच्या मार्गिकेवर पर्यटकांची छोटी गाडी चालते, पण ती वेगळी आणि कुंपणापलीकडे. थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला विटांच्या दोन लांब इमारती उभ्या आहेत, कमानींच्या खिडक्यांच्या. चर्च वाटावं अशा. हे मारुयामा वीजउपकेंद्र, १९१२ चं, ज्याने या घाटातला धूर संपवला. एका इमारतीत बॅटऱ्या ठेवायचे. गाडी चढाला लागली की एकदम जादा वीज लागते, ती बॅटऱ्यांतून द्यायची.

साधारण अडीच किलोमीटरवर गरम पाण्याचं स्नानगृह लागतं. परत येताना, आत्ता नाही. इथून पुढे वाट जुन्या, १८९३ च्या मार्गावर जाते आणि जंगल सुरू होतं.

आता चढाची गंमत. १५ ला एक म्हणजे रेल्वेसाठी भिंत. पण तुमच्यासाठी? पंधरा पावलं पुढे, एक पाऊल वर. सहा किलोमीटरमध्ये एकूण तीनशे मीटर. आपला सिंहगड अडीच-तीन किलोमीटरमध्ये साधारण सहाशे मीटर उचलतो, त्याच्याशी ताडून बघा. ज्या चढाने इंजिनांच्या नाकी नऊ आणले, तिथं तुम्ही गप्पा मारत जाता. रेल्वेच्या वाटेची ही देणगी आहे. इंजिन अशक्त होतं म्हणून इंजिनिअरने डोंगर जमेल तेवढा सपाट केला, आणि त्याचा फायदा सव्वाशे वर्षांनी गुडघे दुखणाऱ्या आजींना होतोय. या वाटेवर आजी-आजोबा, पोरं, बाबागाडी ढकलणारे आईबाप, सगळे असतात. आपल्या ग्रुपमधली ती मैत्रीण, जी ‘मला नाही झेपणार गड’ म्हणून दर वेळी मागे राहते, तिलाही इथं यायला हरकत नाही.

बोगदे विटांचे. आत दिवे लावलेत, सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत. सहा वाजता बंद म्हणजे बंद, त्यामुळे वेळेचं भान हवं. आत शिरलं की हवा एकदम थंड, भर उन्हाळ्यातही. भिंती ओल्या, वर काजळी. ती काजळी खरी, त्याच धुराची.

पाच बोगदे झाले की अचानक मोकळं होतं आणि तुम्ही एका पुलावर असता. हाच तो मेगाने-बाशी. चष्म्याचा पूल! चार कमानी, ९१ मीटर लांब, ३१ मीटर उंच, सुमारे वीस लाख विटा. दहा मजली इमारतीएवढी उंची आणि सगळी वीटच. जपानमधला हा सर्वांत मोठा विटांचा कमानी पूल आहे. पुलावरून पूल दिसत नाही, हे फोटोवाल्यांनी ध्यानात ठेवा. बाजूच्या पायऱ्यांनी खाली रस्त्यावर उतरा आणि मान वर करा. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला आजूबाजूचे मेपल लाल होतात आणि विटांचा रंग त्यात मिसळून जातो. बरेच जण इथूनच मागे फिरतात. तुम्ही फिरू नका.

पुढचा सहावा बोगदा सगळ्यांत लांब, साडेपाचशे मीटरच्या आसपास. त्याच्या भिंतीला मधेच खिडकीसारखी भगदाडं आहेत, त्यातून उजेडाचे तिरपे पट्टे आत पडतात. इथं सेकंदभर उभं राहा आणि तो पडदेवाला आठवा.

कुमानोताइराची आई

दहावा बोगदा संपला की कुमानोताइरा. दोन बोगद्यांच्या मधली सपाट जागा, जुने रूळ, विजेच्या तारांचे खांब, गवत. वाफेच्या काळात इंजिनं इथं पाणी भरून घ्यायची, गाड्या एकमेकींना वाट द्यायच्या. जपानी मुलं शाळेत शरदाच्या लाल पानांचं ‘मोमिजी’ हे गाणं शिकतात, ते इथल्याच डोंगराकडे बघून सुचलं असं सांगतात.

तिथंच एक पुतळा आहे. बाळाला उराशी धरलेली आई. जून १९५० मध्ये पावसात इथं दरड कोसळली. माणसं ती उपसत असताना पहाटे पुन्हा डोंगर खाली आला. रेल्वेचे कर्मचारी आणि शेजारच्या रेल्वे क्वार्टर्समधली त्यांची कुटुंबं, मिळून ५० जण गेले. हा पुतळा त्यांचा. खाली पायथ्याकडे आणखी एक दगड आहे, तो रेल्वे बांधताना मेलेल्या कामगारांचा. तो आकडा सुमारे पाचशे सांगतात.

मला या सगळ्या वाटेतलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पुलाचे फोटो कुणीही काढेल. पण तुम्ही ज्या सपाट वाटेवरून मजेत चालत आलात, ती कुणी केली आणि कुणी जपली हे सांगायची सोय त्यांनी वाटेतच केलीय.

आता आपल्या बोरघाटाकडे बघा. काम १८५६ मध्ये सुरू झालं. पंचवीस बोगदे. कामावर एका वेळी चाळीस हजारांवर माणसं होती. पटकी, ताप, सुरुंग, कडे. गेलेल्यांचा आकडा अभ्यासक हजारोंमध्ये धरतात. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९ मध्ये इथं आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला आणि काम पुरं करून घेतलं! ही गोष्ट आपल्याला कुठल्या इयत्तेत शिकवली? मला तरी नाही. खंडाळ्याजवळ तेव्हा रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी आत यायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ सुरू. १९२९ मध्ये नवे बोगदे झाले आणि तो मार्ग सुटला. त्याचे अवशेष घाटात अजून दिसतात. म्हणजे उसुईसारखा सोडलेला तुकडा आपल्याकडेही आहे, मुंबई आणि पुण्याच्या मधोमध, लाखो लोक रोज शेजारून जातात.

तिथं वाट करता येईल का? चटकन ‘हो’ म्हणावंसं वाटतं. पण उसुईला सोपं का गेलं, ते आधी बघा. तिथं अख्खी रेल्वेच निघून गेली. बोरघाटात जुन्या मार्गाशेजारी आजही दिवसरात्र गाड्या धावतात आणि जमीन रेल्वेची आहे. कुंपण, दिवे, दरडी अडवायच्या जाळ्या, पहारा हे सगळं आधी, वाट नंतर. आज कुणी ‘चला, जुने बोगदे एक्सप्लोर करू’ म्हणून तुम्हाला तिथं नेत असेल, तर त्याला कलम १४७ पुन्हा वाचायला द्या.

आणि प्रत्येक बंद मार्गाची वाट व्हायलाच हवी, असंही नाही. अकोला-खांडवा मीटरगेज आठवते का? विदर्भातल्या वाचकांना नक्की आठवेल. ती गाडी मेळघाटातून जायची आणि धूळघाटला तर रूळ स्वतःलाच वळसा घालून स्वतःवरून जायचे. काय दृश्य असेल ते! रुंदीकरणासाठी ती बंद झाली. नवा ब्रॉडगेज मार्ग व्याघ्र प्रकल्पातून नको, बाहेरून न्या, अशी मागणी झाली आणि शेवटी तसंच ठरलं. म्हणजे सातपुड्याच्या गर्द जंगलात एक रिकामी रेल्वेवाट पडून आहे. ट्रेकर म्हणून माझ्या तोंडाला पाणी सुटतं. पण तिथं आता गाडीचा भोंगा नाही, आणि वाघ, अस्वल, गवे ती वाट वापरत असतील तर ती त्यांचीच राहू दे. जिथून गाडी हटवली ती प्राण्यांसाठी, तिथं आपण ब्लूटूथ स्पीकर घेऊन जायचं, हे काही पटत नाही.

दूधसागर बघायचाच असेल तर कुळ्याहून वनखात्याची परवानगी असलेल्या जीपने जा. धबधबा तोच आहे.

जायचं असेल तर

टोकियोहून ताकासाकीपर्यंत शिनकानसेनने साधारण पाऊण-एक तास, तिथून लोकल गाडीने योकोकावा अर्ध्या तासावर. पैसे वाचवायचे असतील तर टोकियोहून साध्या गाड्यांनीही पोचता येतं, वेळ बराच जास्त लागेल. कारुइझावाहून खाली येणारी बसही आहे. चढताना दोन-अडीच तास धरा, उतरताना कमी. आलेल्या वाटेनेच परतायचं असतं. कुमानोताइराच्या पुढचे बोगदे एरवी बंद असतात, मार्गदर्शकासोबतचे हेल्मेटवाले वॉक ठरतात त्यांनाच आत सोडतात.

बोगद्यात उन्हाळ्यातही जॅकेट लागतं. बूट साधे चालतील, पण ओल्या विटांवर घसरणारे नकोत. अस्वलं आणि माकडं आहेत. पिशवीला घंटी बांधलेले लोक दिसले तर ती देवळातली नाही, अस्वलाला ‘आम्ही येतोय’ कळवायची आहे. स्टेशनाजवळच्या रेल्वे संग्रहालयात निवृत्त शेर्पा इंजिनं उभी आहेत, आणि प्रशिक्षण घेऊन पैसे भरले तर त्यातलं एक स्वतः चालवताही येतं.

मडकंभात जाताना नको, येताना घ्या. मडकं जड असतं.